तात्यांनी काढलेली गोम

भुताच्या सिनेमाला हसणारा माझ्या वडिलांसारखा प्रेक्षक मी दुसरा पाहिला नाही. पडद्यावरची बाई मेणबत्ती घेऊन जिना उतरत असायची, संगीत चढत असायचं, माझी मुलगी सुरभी उशीत तोंड खुपसून एका डोळ्याने बघत असायची, आणि तात्या रिमोट दाबून चित्र थांबवायचे. "हे भूत मघाशी भिंतीतून आरपार गेलं ना? मग आता दार कशाला ठोठावतंय?" की सुरभी उशीतून बाहेर. "गोम!" ती ओरडायची आणि तात्या तिला टाळी द्यायचे. भीती तिथेच संपायची.

गोम हा तात्यांचा आवडता शब्द. मनमाडच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून बुवाबाजीचा भांडाफोड करायचे. जिभेवर पेटता कापूर ठेवायचे, रिकाम्या मुठीतून राख काढायचे, लोकांचे डोळे विस्फारले की मग सगळं उलगडून दाखवायचे. चमत्कार म्हणजे गोम लपवलेली गोष्ट, असं त्यांचं म्हणणं. आई गेल्यावर मी त्यांना इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला, आमच्या रोटोटुनाच्या घरी आणलं. इथे भांडाफोड करायला बुवा सापडेनात, म्हणून त्यांनी सिनेमे धरले. दर रविवारी दुपारी आजोबा आणि नात सोफ्यावर. ते मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांचं झकास जमायचं.

शेवटच्या धक्क्यावर तर त्यांचा विशेष राग. एका सिनेमात दीपगृहात राहणारी विधवा दोन तास मेलेल्या नवऱ्याला घाबरते आणि शेवटी कळतं, मेलेली तीच आहे. सगळं थिएटर म्हणे आ वासून बघत राहिलं होतं. तात्या म्हणाले, "मग रोज दुकानात जाऊन दूध कोण आणत होतं? दुकानदार कोणाशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता?" सुरभीने भर घातली, "अँड हू फेड द कॅट, आजोबा?" मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला असले सिनेमे अजिबात आवडत नाहीत. आठवडाभर फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहून लोकांची दुखणी ऐकल्यावर रविवारी किंकाळ्या कोणाला हव्यात? पण त्या दोघांचं हसणं ऐकायला मला फार आवडायचं.

मे महिन्यात तात्यांना झटका आला. लहानसाच. हात दोन दिवस जड होता, जीभ किंचित अडखळत होती, मग सगळं जागेवर आलं. हॉस्पिटलातून घरी आणताना मी आणि मैत्रेय, माझा नवरा, एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा. थोडक्यात निभावलं, असं आम्हाला वाटलं.

पुढच्याच रविवारी दोघं पुन्हा सोफ्यावर बसले. त्या दिवशीच्या सिनेमात एका माणसाची बायको बदललेली असते. तोच चेहरा, तोच आवाज, पण आत दुसरंच कोणीतरी. सुरभीने तीनदा "गोम!" म्हणून आरोळी दिली. तात्यांनी एकदाही चित्र थांबवलं नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"या नवऱ्याला फार वेळ लागला," ते म्हणाले. "मला एवढा लागला नाही."

"काय लागला नाही?" मी विचारलं.

त्यांनी कप घेतला. "थँक यू, बाई," ते म्हणाले.

जन्मात तात्यांनी मला थँक यू म्हटलं नव्हतं. मी हसले आणि स्वयंपाकघरात परत गेले.

त्यानंतर ते माझ्याशी फार सभ्यपणे वागू लागले. मी खोलीत गेले की उठून उभे राहायचे. भाजी वाढली की "पुरे, पुरे, तुम्ही कशाला त्रास घेता" म्हणायचे. घरी आलेल्या परक्या बाईशी माणूस जसा वागतो तसे. मैत्रेयशी मात्र नेहमीसारखे होते, सुरभीशीही. मग एके दिवशी त्यांनी मैत्रेयला गॅरेजमध्ये गाठलं आणि दार लावून घेतलं.

"मैत्रेय, ही आपली विनया नाही," त्यांनी सांगितलं. "भूतबित मी मानत नाही, तुला माहीत आहे. म्हणजे हा माणसाचाच उद्योग आहे. कोणीतरी तिच्या जागी ही बाई आणून बसवली आहे. काम चोख आहे, पण मी गोम काढतो. तोवर तू काही बोलू नकोस."

मैत्रेयने मला हे सांगितलं तेव्हा मी आधी खदखदून हसले. मग वॉशिंग मशीनला टेकून रडले.

धम्मदीना हॉस्पिटलात वृद्धांची डॉक्टर आहे आणि इथल्या आमच्या मराठी बौद्ध मंडळातली. ती घरी आली. "जय भीम, तात्या," म्हणाली. तात्यांनी तिला लगेच ओळखलं, तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, जोक सांगितला. मला मात्र त्यांनी "बाई, डॉक्टरांना पाणी देता का?" असं सांगितलं.

नंतर अंगणात तिने मला समजावलं. "हे होतं कधीकधी, झटक्यानंतर. डोळ्यांना तुझा चेहरा ओळखता येतो, पण तुला बघून आतून जी माया उसळते ना, ती उसळत नाही. चेहरा आहे आणि माया नाही, मग मेंदू कारण शोधतो. आणि विनया, हे सगळ्यात जवळच्या माणसाच्याच बाबतीत होतं."

"मग मी काय करू? पुरावे देते त्यांना. आयुष्यभर पुरावाच मागत आलेत ना ते."

"हीप्स ऑफ प्रूफ दिलेस तरी उपयोग नाही. वाद घालू नकोस. गोळ्या सुरू करू या, त्यांना वेळ लागेल. पण सुरभीकडे लक्ष ठेव. दोघांना एकटं सोडू नकोस. लहान मुलं असल्या गोष्टी पटकन उचलतात."

तात्यांचं मी सोसलं असतं. बापच आहे, आजारी आहे. सुरभीला मात्र याचा वाराही लागता कामा नये, एवढंच मला हवं होतं.

वाद घालू नकोस म्हणणं सोपं आहे. माझा स्वभाव तात्यांचाच, नाकावर राग. मी जुने फोटो काढून त्यांच्यासमोर पसरले. त्यांनी चष्मा लावून एकेक पाहिला. "चांगले मिळवलेत," ते म्हणाले. मी त्यांना रेल्वे क्वार्टर्समागच्या पेरूच्या झाडाची गोष्ट सांगितली, मी पडले होते आणि त्यांनी मला सायकलवर घालून दवाखान्यात नेलं होतं ती. कोपराचा व्रण दाखवला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे फक्त विनूला माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे तिनेच तुम्हाला सांगितलं. म्हणजे ती तुमच्या ताब्यात आहे."

जितके पुरावे मी देत गेले तितकी मी त्यांच्या नजरेत भयंकर होत गेले. एकदा मी चिडून ओरडले, "तात्या, तुम्हाला एअरपोर्टवर घ्यायला मीच आले होते ना?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मी माझ्या मुलीला मुंबईच्या विमानतळावर सोडलं होतं. ती तिखट खायची, मोठ्याने बोलायची, तिला थंडी सोसत नव्हती. मला घ्यायला आलेली बाई हळू बोलत होती आणि इथल्या जूनच्या थंडीत उघड्या पायांत जँडल्स, त्या रबरी चपला, घालून फिरत होती. मधल्या वर्षांत काय झालं, कोणी पाहिलंय?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुरभीला आम्ही सांगितलं होतं, आजोबांच्या डोक्याला दुखापत झाली आहे, त्यामुळे मम्माबद्दल त्यांचा घोटाळा होतो. तिने शहाण्यासारखी मान हलवली होती. पण ती आठ वर्षांची होती, आणि शंका घ्यायला तिला शिकवलं होतं खुद्द तात्यांनी.

सुरुवात खेळासारखी झाली. नाश्त्याच्या वेळी तिने विचारलं, "मम, किंडीमध्ये माझ्या बेस्ट फ्रेंडचं नाव काय होतं?" मराठीत विचारलं, म्हणून मला उलट कौतुकच वाटलं. मी बालवाडीतल्या त्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. "स्वीट ॲज," ती इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाली आणि टोस्ट खाऊ लागली. मग गाडीत एक प्रश्न, आंघोळीच्या वेळी एक प्रश्न. स्विमिंगला नेताना तिने विचारलं, माझे पहिले पोहायचे टॉग्ज कोणत्या रंगाचे होते? माझं लक्ष राउंडअबाउटकडे होतं. "पिवळे," मी म्हणाले. पूलला पोहोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळी मैत्रेयने सांगितलं, हिरवे होते.

मी तिला जवळ घेऊन बसले. "सुरभी, आय ॲम युवर मम. तुला कळतंय ना?"

"आय नो," ती म्हणाली. "बट आजोबा इज नेव्हर राँग."

तिचं काय चुकलं? आजोबा कधी चुकत नाहीत, हे तिला आम्हीच सांगत आलो होतो.

मी रविवारचे सिनेमे बंद केले. फार्मसीतले तास कमी करून घेतले. तात्या आणि सुरभी एका खोलीत असले की मीही तिथेच बसू लागले, मांडीवर कपड्यांच्या घड्या घालत. ते दोघं एकमेकांकडे बघायचे आणि बोलायचे नाहीत. ऑगस्टच्या धुक्यात दुपारपर्यंत दिवे लागलेले असायचे आणि घरात खोल्या गरम ठेवणाऱ्या हीट पंपाची घरघर तेवढी ऐकू यायची. माझ्याच घरात मला पहारेकरणीसारखं वाटू लागलं. त्यांना मात्र कैद्यांसारखं वाटत असणार, आणि हे त्यांच्या गोष्टीत फारच छान बसत होतं.

मंडळाचा महिन्याचा मेळावा जवळ आला. हॉल भाड्याने घेऊन आम्ही जमतो. आधी वंदना, मग जेवण, मग मुलांसाठी काहीतरी. तात्यांचे कापूर-राखेचे प्रयोग दर वेळी ठरलेले. मी म्हटलं, या वेळी जायचं नाही. मैत्रेय म्हणाला, "विनया, किती दिवस कोंडून ठेवणार? त्यांची कळी खुलते तिथे. धम्मदीना असेल ना." धम्मदीनाही म्हणाली, सवयीच्या गोष्टी चालू राहिल्या तर बरं. मी हो म्हटलं.

खरंच त्यांची कळी खुलली. वंदना झाली, जेवणं झाली, मग तात्यांनी माइक हातात घेतला. जिभेवर कापूर जळला. मुठीतून राख पडली. मुलं किंचाळली, आणि ते कसं झालं हे कळल्यावर दुप्पट जोराने हसली. कितीतरी आठवड्यांनी मी माझे वडील बघत होते. मग मुलांना शेजारच्या खोलीत खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक खायला पाठवलं, सुरभीही गेली, आणि मोठ्यांचा चहा आला. तात्यांनी माइक खाली ठेवला नाही.

"आता शेवटचा प्रयोग," ते म्हणाले. "हा मोठ्यांसाठी. विनया या नावाने वावरणाऱ्या बाईंनी पुढे यावं."

दोघंतिघं हसले. त्यांना तो विनोद वाटला. धम्मदीना कप ठेवून उठली. मैत्रेय त्यांच्याकडे निघाला, तशी तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ओढून नेलं तर त्यांना इथेच दुसरा झटका येईल, अशी मला धास्ती वाटली. मी पुढे गेले.

त्यांनी प्रश्न विचारले. आईच्या मधल्या बहिणीचं नाव. माझ्या शाळेच्या दप्तराचा रंग. पहिल्या पगारातून त्यांना काय आणलं. मी सगळं सांगितलं.

"सगळी उत्तरं बरोबर," तात्या माइकवर म्हणाले. "आणि इथेच गोम आहे. माझ्या मुलीला एवढं सगळं कधीच आठवायचं नाही. दर वर्षी आईच्या वाढदिवसाची तारीख चुकायची ती. पाठ केलेल्या माणसालाच सगळं येतं." मग त्यांचा आवाज फुटला. "बाई, माझ्या मुलीचं काय केलंत तुम्ही? मी म्हातारा माणूस आहे. एवढंच सांगा, काय केलंत तिचं?"

ते सगळ्यांसमोर रडू लागले. माझे वडील. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

धम्मदीना माझ्या कानाशी कुजबुजली, "वाद नको. त्यांच्या कलाने घे." आणि मला लहानपणचे ते मेळावे आठवले. पकडलेल्या बुवाच्या हातात तात्या माइक द्यायचे. त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, होय, मी फसवत होतो. तेवढं सांगितलं की विषय संपायचा. लोक चपला घेऊन धावायचे तेव्हा तात्याच मध्ये उभे राहायचे, बुवाला पाणी द्यायचे, एसटीत बसवून द्यायचे. कबुली दिलेल्या माणसावर ते कधी रागावलेले मी पाहिले नाहीत. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"होय," मी म्हणाले. "मी विनया नाही."

तात्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी डोळे पुसले, खुर्ची ओढून मला बसवलं आणि आपला पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. "घाबरू नका," ते म्हणाले. "इथे तुम्हाला कोणी हात लावणार नाही." तीन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी मायेने बोलत होते. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी.

"ती कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"सुखरूप आहे."

"परत येईल?"

"येईल. लवकरच येईल, तात्या." माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. इतकं सफाईने मला खोटं बोलता येतं, हे मलाही माहीत नव्हतं.

मग सगळ्या माना एका बाजूला वळल्या. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. माइकचा आवाज तिकडे सहज जात होता, आणि दारात सुरभी उभी होती. तिच्या बोटांना खोबऱ्याचा कीस लागला होता.

"देन व्हेअर इज माय मम?" तिने विचारलं.

मी धावले. गुडघ्यांवर बसले. आजोबांना बरं वाटावं म्हणून मी नाटक केलं, असं मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, दोनदा सांगितलं. ती नीट ऐकत होती. रडत नव्हती. रडली असती तर मी तिला उचलून घेतलं असतं. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरत होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग पुन्हा वर.

"यू डिडन्ट साउंड लाइक प्रिटेंडिंग," ती म्हणाली. मी हात पुढे केला, तशी ती एक पाऊल मागे सरकली.

मैत्रेयने तिला उचललं. तिने त्याच्या गळ्यात घट्ट हात टाकले आणि मला वाटलं, झालं, आता घरी जाऊ, झोपली की सकाळपर्यंत विसरेल. पण ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होती. मग तिने तोंड त्याच्या कानाशी नेलं. हॉल इतका शांत होता की मला स्पष्ट ऐकू आलं.

"डॅड, डिड यू नो?"

मैत्रेयने तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. हो म्हणाला असता तर तो माझा साथीदार ठरला असता. नाही म्हणाला असता तर मी खरोखरच दुसरी कोणीतरी ठरले असते. तो उत्तर शोधत राहिला, आणि तेवढ्या वेळात सुरभीने त्याच्या गळ्यातले हात सोडले, खाली उतरली आणि चालत जाऊन तात्यांच्या शेजारी उभी राहिली.